उपाशी राजाच्या पोटातली वाट

एका राज्यात मुदपाकखान्याच्या चुली विझत नव्हत्या, तरी राजा उपाशी होता. राजा भद्रसेनाने भर मेजवानीतून एका भुकेल्या मांत्रिकाला हाकलले होते. जाता जाता तो म्हणाला, "खाशील, पण अंगी लागणार नाही." तेव्हापासून राजा अखंड जेवी. घास आत जाई, तसाच्या तसा बाहेर पडे. राजाची हाडे दिसू लागली, प्रजेची कोठारे रिती होऊ लागली. त्याला भरवता भरवता राजकन्या सोमकांतेचे हात गळून गेले.

एक साळुंकी तिला म्हणाली, "राजकन्ये, आत तिघे रुसले आहेत. त्यांना कामाला लाव." तिने पंख झाडला, सोमकांता तिळाएवढी झाली आणि घासाबरोबर राजाच्या मुखात शिरली.

तिथे दात थिजलेले, लाळेचा झरा आटलेला. सोमकांतेने दळणाची ओवी म्हटली. दात हलले, झरा पाझरला, घास मऊ आणि गोड झाला. अन्ननलिकेने आवळत आवळत तिला खाली लोटले.

खाली जठराचे आंबट तळे निपचित पडले होते.

"कोण आहे?" जठराने विचारले.

"राजाची लेक. अन्न घुसळ."

"किती घुसळू? एक घास संपत नाही, तोच दुसरा."

तिने बाह्या सरसावल्या. स्वतःच तळे ढवळू लागली. हात पोळले, तरी थांबली नाही. जठराला तिची दया आली. ते घुसळू लागले, अन्नाची पेज झाली.

पुढे आतड्याची वाट, वळणावर वळणे. यकृताच्या हिरव्या कडू पित्ताने तूप विरघळवले होते. पण भिंतींवरच्या असंख्य मखमली बोटांनी मुठी आवळल्या होत्या.

"रस घ्या," ती म्हणाली.

"आम्हाला विसावा कोणी दिला?"

सोमकांता तिथेच बसली. "मीही थकले आहे. हुकूम करायचे बळ नाही. एवढा रस घ्या आणि निजा. तुम्ही उठेपर्यंत मी घास भरवणार नाही. तातांनी टाहो फोडला तरी नाही."

हळूहळू मुठी उघडल्या. रस रक्तात उतरला. उरलेल्या चोथ्यातले पाणी मोठ्या आतड्याने पिऊन घेतले आणि चोथा वाटेला लावला. रक्ताबरोबर सोमकांता काळजातून डोळ्यापर्यंत चढली, आसवातून बाहेर पडली आणि पूर्ववत झाली.

राजाचे हात उबदार झाले होते. त्याने सवयीने तोंड उघडले. सोमकांतेने ताट झाकले. सेवक श्वास रोखून उभे राहिले.

राजाने पोटावरून हात फिरवला. मग नवलाने म्हणाला, "बाळ, भूक नाही."

"खरेच, तात?"

"खरेच. धान्य ज्याचे त्याला परत पाठवा. त्या मांत्रिकाला शोधा. त्याला मी माझ्या हाताने वाढीन."

सोमकांतेने ऐकले की नाही, कोण जाणे. ती त्याच्या मांडीवर डोके टेकून झोपी गेली होती. तिची झोप मोडू नये म्हणून राजा न हलता बसून राहिला.