पेटीची ओटी

बरीच वर्षं झाली. एका कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सागवानी कार्डपेटी होती. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर, हे तिच्या कप्प्यांतल्या कार्डांवर लिहिलेलं असे. मग शेजारी संगणक आला आणि ग्रंथपाल कुमुदबाई कार्डं बघून त्यात माहिती भरू लागल्या.

पेटीला धास्ती पडली, सगळं दिलं की आपण भंगारात! तिने शेवटचा कप्पा घट्ट आवळून धरला.

"पेटीआजी, तुम्ही भरवाल तेवढंच माझ्या पोटात," संगणक म्हणाला.

"गोड बोलून आजीलाच गिळ, मेल्या!"

तेवढ्यात फोन वाजला. बाळंतपणाला माहेरी गेलेली विद्यार्थिनी विचारत होती, "बाई, नाचणीच्या रोगांवरचं पुस्तक आहे का? महिन्याचं बाळ घेऊन हेलपाटा नको व्हायला."

"त्याचं कार्ड शेवटच्या कप्प्यात, आणि तो कप्पाच उघडेना गं!" कुमुदबाई म्हणाल्या.

फोनमधून तान्ह्याचं रडणं ऐकलं आणि पेटी विरघळली. कप्पा अलगद उघडला. कार्ड सापडलं, पुस्तक फळीवर होतं.

सगळी कार्डं संपल्यावर कुमुदबाईंनी पेटीला हळदकुंकू लावलं. "एवढं दिलंस, तुझी ओटी रिकामी कशी ठेवू?" म्हणत त्यांनी कप्प्याकप्प्यात गावरान बियाणं भरलं, नाचणी, वरी, वाल. मुलांनी न्यावं, पेरावं, मूठभर परत आणावं.

"आजी, बियांची नावं सांगा ना," संगणक म्हणाला.

"लिही, बाळा."

पेटीची भरली, तशी देणाऱ्या प्रत्येकीची ओटी देव भरो.