सोनवेशीतला पार

फराळाच्या डब्यात तळाशी चिवड्याचा नुसता चुरा उरतो ना, त्या दिवसांतली ही गोष्ट. फार जुनी नाही. त्यातली बाग अजून तिथेच आहे आणि बागेतलं जांभळाचं झाडही.

बागेच्या मागे एका इवल्याशा खोलीत बकुळा राहायची. ती, तिची आई आणि तिचे बाबा. खोली इतकी लहान की आईने शिलाई मशीन उघडलं की बकुळाला पाटावरून उठावं लागे. आई लोकांचे कपडे शिवायची. आणि बाबा? बाबा खेळ बनवायचे. लाकडाचे नाहीत, कापडाचेही नाहीत, कॉम्प्युटरवरचे. म्हणजे खरं तर एकच खेळ, पण तो बनवता बनवता बकुळाचे दोन फ्रॉक आखूड झाले होते.

त्या खेळाचं नाव होतं सोनवेस. जुन्या काळचं एक छोटंसं नगर त्यात आपण वसवायचं. आधी हिरवंगार माळरान दिसतं. त्यावर पायऱ्यांची विहीर खणायची, कौलारू घरं बांधायची, कुंभाराला चाक द्यायचं, विणकराला माग द्यायचा, आणि मग चिमुकली माणसं लाल, निळ्या, केशरी पागोट्यांत नि लुगड्यांत लगबगीने हिंडू लागतात. खेळात शत्रू नाही, तोफा नाहीत, घड्याळाची टिकटिक नाही. दमून आलेल्या माणसाला जरा बरं वाटावं, एवढ्यासाठीच बाबांनी तो केला होता. मुळात ही कल्पना बकुळाची. दर दिवाळीला बागेत दोघं मिळून मातीचा किल्ला करायची, तेव्हा ती म्हणायची, "बाबा, सैनिक पुरे झाले. आता भाजीवाली ठेवू या."

दिवाळीत सोनवेस लोकांच्या हाती गेली, आणि लोकांनी नाकं मुरडली.

"चित्रं गोड आहेत, पण करमत नाही," एकाने लिहिलं. "लढाई कधी सुरू होणार?" दुसऱ्याने विचारलं. तिसरी एक ताई होती. तिने लिहिलं, "शांत खेळ म्हणता ना? मग खेळून मलाच दमल्यासारखं का होतं?" हे वाचून बाबांनी सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतला. पण चूक काही सापडेना. रोज सकाळी चहा घ्यायचे तोही उभ्या उभ्या, आणि पुन्हा कॉम्प्युटरला चिकटायचे.

एका दुपारी आई हळूच म्हणाली, "अहो, त्या परगावच्या नोकरीचं काय ठरवलंत?"

"रविवारपर्यंत वाट बघतो," बाबा म्हणाले. "खेळ नाहीच कुणाला आवडला तर जातो. दूर आहे, पण काय करणार? गणपतीला येत जाईन."

गणपतीला! बकुळाने बोटांवर महिने मोजले. दिवाळी आत्ता कुठे संपत होती आणि गणपती तर पावसाळ्याच्याही शेवटी. ती तशीच उठली, पाण्याची बाटली घेतली आणि बागेत पळाली.

बागेत जांभळाखाली त्यांचा किल्ला होता. दिवाळी झाली की किल्ल्यांकडे कोण बघतं? त्यावर पेरलेलं अळीव सुकून माना टाकत होतं. आणि किल्ल्यापाशी शेजारचा हृषी हातात सुतळी बॉम्ब घेऊन उभा होता. दिवाळी सरली की किल्ला उडवायचा, ही तिथल्या पोरांची आवडती रीत!

"सरक गं बकुळे, धुमधडाका करतोय!" हृषी ओरडला.

"नको ना रे! बघ, अळीव अजून जिवंत आहे. आतल्या बाजूचं अजून हिरवं आहे, बघ ना." तिने खिशातून कागदात गुंडाळलेला रव्याचा लाडू काढला. घरातला शेवटचा लाडू होता तो, पुरवून पुरवून खायला ठेवलेला. "हा घे, पण किल्ला राहू दे."

हृषीने लाडवाकडे पाहिलं, बॉम्बकडे पाहिलं. लाडू जिंकला. तो तोंड भरून निघून गेला. बकुळाने बाटलीतलं पाणी थेंब थेंब करून अळिवावर शिंपडलं. शेवटचा थेंब किल्ल्याच्या गुहेपाशी पडला, आणि गुहेतून झुळझुळ उजेड बाहेर आला.

उजेडामागोमाग आली एक परी. करंगळीएवढी! तिचे पंख अळिवाच्या कोवळ्या पानांसारखे हिरवे, झगा पिवळाधमक, आणि केसांत दवाचे टपोरे मणी. ती पंख झटकत म्हणाली, "हुश्श! वाचले गं बाई. त्या बॉम्बच्या वासानेच मला शिंका येत होत्या."

बकुळाचे डोळे बशीएवढे झाले. परी हसली. तिने बकुळाच्या तळहातावर अळिवाचे दोन तांबूस, चकचकीत दाणे ठेवले.

"या दोन इच्छा. एकेक दाणा पेरायचा आणि मागायचं. पण नियम ऐकून घे हं. सूर्य जांभळाच्या झाडाआड जायच्या आत मागायचं, नाहीतर दाणे साधे होतील. आणि कुणाचं मन बदलायला सांगायचं नाही. माणसाचं मन माझं ऐकत नाही."

बकुळाचा चेहरा पडला. तिला नेमकं तेच मागायचं होतं. "म्हणजे, सगळ्यांना बाबांचा खेळ आवडू दे, असं नाही मागता येणार?"

"नाही, सोनुले."

"आणि बाबा दूर जायला नकोत, असं?"

परीने मान डोलावली. "ते येईल मागता. तेवढं आहे माझ्या हातात."

बकुळाला हायसं वाटलं. तिने एक दाणा मुठीत घट्ट धरला. हा बाबांसाठी. पण मग दुसऱ्याचं काय करायचं? खेळ कुणालाच आवडला नाही तर बाबा घरी राहतील, पण तसेच उभ्या उभ्या चहा पीत. तिने खूप विचार केला आणि म्हणाली, "मला सोनवेशीत जायचंय. काय बिघडलंय ते तिथल्याच माणसांना विचारीन."

तिने तो दुसरा दाणा किल्ल्याच्या मातीत पेरला. हिरवा, सोनेरी, निळा असा उजेड गरगरला, आणि बकुळा चिमुकली होऊन सोनवेशीच्या वेशीत उभी होती!

काय सुंदर नगर होतं ते! कौलं डाळिंबी, भिंती हळदीच्या रंगाच्या, पेठेत मोगऱ्याचे नि मिरच्यांचे ढीग. बाबांनी एकेक चौकट हाताने काढलेली. पण सगळी माणसं चाललेली! कुंभारीण माठ घेऊन चाललेली, तेली बुधला घेऊन चाललेला, पाणक्या विहिरीकडून पेठेत आणि पेठेतून परत विहिरीकडे. कुणी थांबेना. बकुळा कुंभारणीच्या मागे पळत सुटली.

"मावशी, ओ मावशी! जरा थांबा ना!"

"थांबू कुठं गं पोरी?" चिमुकली कुंभारीण चालता चालताच म्हणाली. तिच्या कपाळावर घामाचे मोती होते. "तुज्या बापानं लई माया केली आमच्यावर. घर दिलं, चाक दिलं, पान्याला पायऱ्यांची बारव दिली. खोटं कशाला बोलू? पर टेकाया जागा न्हाई बग कुठं."

"घरात नाही का बसत?"

"घरात काम असतंय. पेठेत इकाया जायाचं असतंय. चार बायांनी बसावं, सुखदुःखाचं बोलावं, असं गावात काईच न्हाई. पाय नुस्ते भरून आल्यात, बाय माजे."

तेली जाता जाता म्हणाला, "आन् ह्या पानक्याचं नाव काय, ते बी म्या अजून इचारलं न्हाई. टायमच गावला न्हाई!"

बकुळाने सगळीकडे पाहिलं. खरंच की! विहीर होती, वेस होती, पेठ होती, आणि पार नव्हता. आपल्या गावात कसा पिंपळाभोवती दगडी कट्टा असतो, येणाराजाणारा घटकाभर टेकतो, तो पारच बाबा विसरले होते. विसरणार नाहीत तर काय? या सगळ्या दिवसांत ते स्वतः तरी कुठे टेकले होते? त्यांच्यासारखीच त्यांची माणसं. आणि ती पळापळ बघून त्या ताईला दमल्यासारखं होणार नाही तर काय होईल?

हे बाबांना जाऊन सांगावं म्हणून ती वेशीकडे वळली. तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. कुंभारणीचा माठ फुटला होता. ती बिचारी भिंतीला धरून एक पाय चोळत होती. पण तशीच ती पुन्हा चालायला लागली, कारण दुसरं काही करायला तिला शिकवलेलंच नव्हतं.

बकुळाच्या मुठीत बाबांसाठी राखलेला दाणा होता. घामाने भिजून तो तळहाताला चिकटला होता. अळिवाचं तसंच असतं, ओलं झालं की सोडत नाही. वर आकाशात केशरी रंग उतरला होता. बाहेर सूर्य जांभळापाशी आला असणार. आता एकच काहीतरी मागता येणार होतं.

"बाबा," बकुळा पुटपुटली. तिला फार रडू आलं. खोटं कशाला सांगा, बाबांचंच मागावं असं तिच्या मनात दहादा आलं. पण समोर कुंभारीण लंगडत चालली होती.

तिने दाणा नखाने सोडवला आणि पेठेच्या मधोमध मातीत पेरला. "या सगळ्यांना बसायला पार मिळू दे," ती म्हणाली, आणि ओंजळीत तोंड लपवून रडली.

मातीतून एक कोंब लकाकत वर आला. बघता बघता त्याचा पिंपळ झाला. त्याची पानं तांबूस, पोपटी, रुपेरी झळकू लागली आणि बुंध्याभोवती घडीव दगडांचा गोल गोल पार उभा राहिला. लगबगणारी माणसं एकेक करून थबकली. कुंभारीण आधी बसली. "आई गं!" तिने पाय सोडले. "केवढं बरं वाटतंय!" मग तेली बसला, आणि पाणक्याला म्हणाला, "तुजं नाव काय रं गड्या?"

बकुळा रडता रडता हसली, आणि हसता हसता किल्ल्यापाशी परतली. सूर्य जांभळाआड गेला होता. परी तिच्या गालावरचं पाणी पंखाने पुसत म्हणाली, "पळ आता घरी. आणि बाबांना पिंपळ दाखवायला विसरू नकोस."

बाबा कॉम्प्युटरसमोर उभेच होते. "बकुळे, हा पार कुठून आला? मी तर बनवलाच नाही!" तिने जे जे झालं ते सगळं सांगितलं. बाबांचा विश्वास बसला की नाही कोण जाणे, पण त्यांनी पडद्यावरचा पार मोठा करून नीट बघितला. कुंभारीण पारावर बसून कुणाला तरी काहीतरी रंगवून सांगत होती. "अरेच्चा," बाबा म्हणाले, "मी यांना बसूच दिलं नव्हतं की!" आणि त्यांनी तो पार लगेच सोनवेस खेळणाऱ्या सगळ्यांच्या घरी पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी त्या दमलेल्या ताईने लिहिलं, "काल मी कितीतरी वेळ काहीच बांधलं नाही. पारावरच्या गप्पा ऐकत बसले. मग छान झोप लागली." तिने ते मैत्रिणींना सांगितलं, मैत्रिणींनी आणखी कुणाकुणाला. "माझ्या सासऱ्यांना कुठलाच खेळ आवडत नाही, पण ते रोज पाणक्याची विचारपूस करतात," एकीने लिहिलं. एका आजोबांनी तर नगरात घरं थोडी आणि पारच जास्त बांधले. एकाने मात्र रागाने लिहिलं, "लढाई अजूनही नाही!" ते वाचून बाबा कितीतरी दिवसांनी खो खो हसले.

रविवार आला तोवर सोनवेशीत इतकी माणसं खेळायला आली होती की बाबांनी नोकरीवाल्यांना फोन करून सांगितलं, "नाही जमणार हो. इथेच पुष्कळ काम आहे." आई मशीन थांबवून ऐकत होती. तिने डोळ्यांना पदर लावला आणि मग म्हणाली, "चला, आज बागेत जाऊ."

जांभळाखाली किल्ल्याशेजारी जुनाच एक कट्टा होता. हृषी तिथे आधीच बसलेला, आईचा फोन घेऊन. "ए बकुळे, लढाई नाही तर नाही, पण माझा तेली बघ काय बाता मारतोय!"

बाबा कट्ट्यापाशी आले. बकुळा त्यांच्याकडे बघत राहिली. बाबांनी चप्पल काढली, हात टेकला आणि लांब श्वास सोडत म्हणाले, "जरा बसतो गं."

आणि ते बसले.

किल्ल्यावरचं अळीव पुन्हा हिरवंगार झालं होतं. गुहेच्या दारात परी उभी होती, आणि ती फक्त बकुळालाच दिसत होती. "तू मागितलं नाहीस, तरी मिळालं की नाही?" ती हळूच म्हणाली. मग तिच्या पंखांतून पोपटी, सोनेरी, गुलाबी उजेड फुटला, अळिवाच्या पानापानावर चमचमला, आणि त्या उजेडातच परी विरून गेली.

बकुळा बाबांच्या कुशीत सरकली. तिचे बाबा जसे घरी राहिले, तसे सगळ्यांचे राहोत, आणि दमल्याभागल्या प्रत्येकाला टेकायला एक पार मिळो.