आठव्या बाजूची चीर

वसईच्या किनाऱ्यावर माडोळे नावाचे गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये शिरताच डाव्या हाताला काळ्या दगडाचे कुंड दिसते. गावातल्या मुलांचा बाप्तिस्मा तिथेच होतो. कुंडाच्या सात बाजू कोरलेल्या आहेत, आठवी कोरी. पाणी मात्र दगडात ओतत नाहीत, आत ठेवलेल्या तांब्याच्या घंगाळात ओततात.

फिरंग्यांच्या अमदानीत पेद्रू पाथरवटाने हे कुंड घडवले, असे सांगतात. पाद्रीबाबांनी त्याला समजावले होते, सात दिवस जगाचे, आठवा देवाचा. तो अजून कुणी पाहिलेला नाही, म्हणून ती बाजू कोरी ठेव. बाकीच्यांवर मासा, द्राक्षवेल, पारवा. एका बाजूला पाण्यासाठी आसुसलेले हरीण, म्हणजे देवासाठी तळमळणारा जीव. पेद्रूने त्याला चितळाचे ठिपके काढले. त्याने रानात तेच पाहिले होते.

दगड खाणीतून आणला धाकट्या भावाने, इनासने. पाथरवट दगड हातोडीने ठोकून पाहतात. सलग असला तर घंटेसारखा वाजतो, आत चीर असली तर भद्द. पण इनासने आणलेला दगड पेद्रूने कधी ठोकला नाही. आईबाप गेल्यावर त्यानेच इनासला लहानाचा मोठा केला होता. आता ठोकून पाहायचे म्हणजे त्याला खोटे ठरवायचे, असे त्याला वाटे.

कुंडात पहिला बाप्तिस्मा पेद्रूच्या नातवाचा ठरला. बाप्तिस्म्याला मूल हाती धरणारा धर्मपिता अर्थातच इनास.

त्या रविवारी कुंड काठोकाठ भरले. प्रार्थना चालू असतानाच पाणी उतरू लागले. कोऱ्या बाजूतून ओघळ फुटला आणि त्याबरोबर डिंकात कालवलेली दगडाची पूड बाहेर आली.

"पेद्रू, कुंड घडवलंस का गाळणी?" मागून कोणी म्हणाले. लोक हसले.

पेद्रूने तो लगदा बोटावर घेतला. अशी चीर बुजवणे गावात दोघांनाच येत होते.

"इनास?"

"गाडीवरून उतरवताना घसरला, दादा," इनास पुटपुटला. "ही बाजू कोरीच राहायची होती. म्हटलं, कुणाला कळतंय."

"वर्षभर मी घाव घालत होतो. तू शेजारी बसून माझ्याबरोबर जेवत होतास."

इनासने हातातले मूल जवळ ओढले.

"सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण, इथे चीर आहे," पेद्रू म्हणाला. "एवढं म्हण. मूल तुझ्याच हातात राहील."

इनासने म्हणे पुष्कळ वेळ कुंडाकडे पाहिले. मग मूल त्याच्या आईच्या, म्हणजे पेद्रूच्या लेकीच्या, ओटीत ठेवले आणि बाहेर निघून गेला. गावात तो पुन्हा दिसला नाही.

पाद्रीबाबांनी घागरीतले पाणी मागवले. शेजारचा दुमिंग मूल घ्यायला पुढे झाला. पेद्रूने त्यालाही अडवले. "आधी म्हण." तेव्हा दुमिंगने, इथे चीर आहे, असे मोठ्याने म्हटले.

पुढे दुसरे कुंड घडवायची गोष्ट निघाली, तर पेद्रू नको म्हणाला. थकल्यावरही तो प्रत्येक बाप्तिस्म्याला येई आणि दाराकडे तोंड करून बसे, असे जुने लोक सांगत.

आजही माडोळ्यात धर्मपिता आधी त्या कोऱ्या बाजूवर बोटांची पेरे वाजवतो. आवाज भद्द येतो. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे तो म्हणतो, "इथे चीर आहे." त्यानंतरच आई मूल त्याच्या हाती देते.