चिमणीची पंगत

शाळेच्या कडुलिंबावर शिकरा वस्तीला होता, त्या काळची ही गोष्ट. पाखरं कशी चरतात हे मुलांना दाखवायला सुलभाबाईंनी अंगणात बाजरीची परडी टांगली. चिमणीनं ती आधी पाहिली, पण एकही दाणा न टिपता ती चिवचिवत सुटली.

"बाई, ही येडी आहे का? खायचं सोडून ओरडतेय!" रेवती हसली.

"ओरडत नाही, बोलावतेय. गप्प बसून बघ."

तेवढ्यात साळुंकीनं परडी गाठली. "अगं बावळटे, जगाला बोलावशील आणि स्वतः उपाशी मरशील!"

"आमच्यात पंगत बसल्याशिवाय घास उचलत नाहीत," चिमणी ताठ मानेनं म्हणाली. "एकटीच खात बसलीस, तर आभाळाकडे कोण बघणार?"

थवा उतरला. काही चिमण्या टिपत होत्या, काही मान वर करून बघत होत्या. अचानक शिकऱ्यानं झेप घेतली. एका चिमणीनं हाक दिली आणि सगळा थवा झुडपात शिरला. दाण्यांत चोच खुपसलेली साळुंकीही त्या हाकेनंच वाचली. तिचं एक पीस तेवढं शिकऱ्याच्या नखात राहिलं.

शिकरा गेल्यावर साळुंकी परडीजवळ घुटमळू लागली.

"ये की पंगतीला," चिमणी म्हणाली. "पण इथं नुसतं जेवायचं नसतं, साळुंकीताई. पहिली राखण तुझी."