सारीपाटावर उघडा पडलेला राजा

एका राज्यात राजा धैर्यधर शिकारीहून परतला, आणि त्याला पाठीवर घेऊन आलेला त्याचाच घोडा भयाने थरथरत होता. प्रजेने गुढ्यातोरणे उभारली. राणी इंदुकला तेवढी विचारात पडली.

तिने उद्यानातल्या साळुंकीला विचारले. साळुंकी म्हणाली, "कालजिव्ह नावाचा मायावी अरण्यात कोणाला तरी शिळा करून गेला, असे वारा सांगतो. हा कालजिव्ह असेल, तर 'तू राजा नव्हेस' असे तोंडावर म्हण, शाप तुटेल. पण खऱ्या पतीला तसे म्हणालीस, तर तूच शिळा होशील. आणि सूर्यास्ताला मायाव्याने राजमुद्रा धारण केली, तर तुझा राजा कायमचा दगड."

"मग ओळखू कशी?"

"मी पक्षी आहे बाई, राजपुरोहित नव्हे."

राणीने प्रथम परक्या हाताला पोळणारे राजखड्ग पुढे केले. त्याने ते फुलासारखे उचलले. मग तिने विवाहमंडपातले वचन विचारले. त्याने ते एकही अक्षर न चुकता म्हटले.

"आमची परीक्षा चालली आहे वाटते?" तो हसला.

"करमणूक, महाराज," राणी म्हणाली, आणि तिने सारीपाट मांडला.

खेळता खेळता राजाचा डाव बिघडला. ऊन कलले होते. "पडदा सारून येते," असे म्हणून राणीने पाठ फिरवली, अंमळ रेंगाळली, आणि परतली. सोंगट्या होत्या तेथेच होत्या.

"आपण हरलात, महाराज."

"हरलो तर हरलो. धैर्यधर खोटे खेळत नाही, हे अवघे राज्य जाणते."

राणी उठून उभी राहिली.

"राज्य जाणत असेल. संसार मी केला आहे. तू राजा नव्हेस!"

त्यासरशी राजवस्त्रे रिकामी होऊन आसनावर कोसळली. त्यांतून एक घुबड निघाले आणि गवाक्षातून उडून गेले. तिकडे अरण्यात शिळा दुभंगली. दिवेलागणीला खरा राजा महालात आला. त्याच्या दाढीत शेवाळ होते.

"तो मायावी आमची कीर्ती मुखोद्गत करून आला होता," तो म्हणाला. "तुम्ही ओळखलेत कशावरून?"

"मी पाठ फिरवली, तरी त्याने सोंगटी सरकवली नाही."

राजा गोरामोरा झाला. "म्हणजे... तुम्हांला ठाऊक होते?"

"पहिल्या डावापासून, महाराज."

राजाने खालमानेने राजमुद्रा बोटात घातली. नगारे झडले, आणि राज्याची घडी पुन्हा नीट बसली.