जावईबापूंनी साफ केलेलं सुरूबन

समुद्रकाठच्या एका गावात एक भोळा जावई सासुरवाडीला आला होता. लवू त्याचं नाव. अंगात दोन बैलांची ताकद, मनात कपट नाही. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा. शब्द इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही.

सासरे दत्ताराम मयेकर. त्यांचं घर त्यांच्याच सुरूच्या बनात. मोठ्या रस्त्यापासून अंगणापर्यंत बनातून एकच गाडीवाट. धाकट्या मुलीचं, वासंतीचं, लग्न शुक्रवारी दारातच होतं. आणि आदल्या शनिवारी वादळ आलं. निम्मं बन झोपलं. काही सुरू मुळासकट आडवे, काही कमरेत मोडलेले. गाडीवाट दिसेना.

एरवी वऱ्हाड चालत आलं असतं. पण नवऱ्याच्या काकांनी सुपारीच्या दिवशीच बजावलं होतं, "आमची बस मांडवाच्या दारात लागली पाहिजे. वाटेत उतरायची वेळ आली, तर उतरणार नाही. गाडी तशीच मागे फिरवू."

गावात जो तो आपल्या छपरावर चढलेला. कामाला माणूस मिळेना. म्हणून थोरल्या जावयाला बोलावणं गेलं.

दत्तारामांची एकच अडचण होती. जावयाला ओरडायचं नसतं. काही सांगायचं तेही गोड बोलून, थोडक्यात.

सोमवारी सकाळी ते म्हणाले, "जावईबापू, जरा तसदी देतो. आडवं दिसेल ते कापून बाजूला रचा. उभ्याला हात लावू नका."

"बरं," लवू म्हणाला.

लवू 'बरं' म्हणाला की त्याची बायको शेवंती पदर खोचायची. लग्नाला तीनच महिने झाले होते, पण तेवढं तिला कळलं होतं.

दुपारपर्यंत लवूने वाटेवरचे अकराही सुरू कापले आणि तुकडे कुंपणाशी रचले. मग तो अंगणात आला. तिथे नुकताच मांडव उभा राहिला होता. त्याचे निम्मे बांबू आडवे होते.

मांडव मांडववाल्यासकट खाली आला. वाळत घातलेलं दत्तारामांचं धोतर दोरीसकट कापलं गेलं. दोरी आडवी होती.

दत्तारामांनी धोतराचे तुकडे उचलले. "हात चालतो हो तुमचा," ते म्हणाले आणि घरात जाऊन पाणी प्यायले.

शेवंतीने नवऱ्याला बाजूला घेतलं. "अहो, आडवं-उभं बघू नका. वाटेच्या कडेला मोडक्या झाडांचे खुंट राहिलेत, बस घासेल त्यांना. उद्या ज्याला मूळ आहे, ते मुळासकट काढायचं. बांबूला मूळ असतं का?"

"मांडवाच्या नसतं."

"मग?"

"बरं," लवू म्हणाला.

मंगळवारी त्याने पहार आणि कुदळ घेतली. सात खुंट उपटले. मुळांसकट, गड्डा न फोडता, तेही अकरा सुरूंशेजारी ओळीने मांडले. मग परसातला अळू काढला. मोगरा काढला. शेवटी वृंदावनातली तुळस काढली आणि मुळं झटकून सासूबाईंच्या हातात दिली.

सासूबाई तुळशीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "जावयांना बागेची आवड आहे हो."

शेवंतीने तुळस पुन्हा लावली. हात मातीतच ठेवून म्हणाली, "आता खुंटांच्या जागी खड्डे पडलेत. चाक रुतेल. उद्या खड्डा दिसला की बुजवायचा. एवढंच. दुसरं काही उपटायचं नाही."

"कापायचं?"

"कापायचंही नाही."

"बरं."

बुधवारी सातही खड्डे बुजले. वर वाळू, वर पाणी, वर धुमसाचे ठोके. गाडीवाट अशी झाली की दत्ताराम स्वतः दोनदा चालून आले. बस येणार होती! त्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला.

इकडे आचाऱ्याने परसात लांबलचक चर खणला होता. शंभर पानांचा स्वयंपाक, पाच पातेली एका ओळीत. तो लाकडं बघायला गेला आणि परत आला, तर जमीन सपाट. शेणाने सारवलेली.

"माझी चूल कुठाय?"

"बुजवली," लवू म्हणाला.

आचाऱ्याचा तो जावई नव्हता. त्यामुळे आचारी पाऊण तास बोलला. शेवटी झारा खांद्यावर टाकून निघाला, तेव्हा दत्तारामांनी त्याला हाताला धरून बसवलं आणि लवूपुढे हात जोडले. "जावईबापू, एक करा. सगळं होतं तसं करून ठेवा. मग काही म्हणजे काही करू नका."

"सगळं?"

"सगळं!"

"बरं," लवू म्हणाला. शेवंती तेव्हा आत वासंतीच्या हातावर मेंदी काढत होती. तिला ते ऐकू गेलं नाही.

गुरुवारी घरची मंडळी किनाऱ्याकडच्या पायवाटेने शेजारच्या गावी देवीला अक्षत द्यायला गेली. तिन्हीसांजेला त्याच वाटेने परतली. अंगणात मांडव उभा, परसात चर पुन्हा उकरलेला. आचारी खूश. लवू ओटीवर हात पुसत बसलेला.

"चर उकरला वाटतं," शेवंती म्हणाली.

"उकरला."

"मी उगाच काळजी करत होते."

शुक्रवारी सकाळी मोठ्या रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. एकदा. दोनदा. मग वाजतच राहिला. सगळे धावले.

गाडीवाटेवर अकरा सुरू आडवे पडले होते. तुकड्याला तुकडा जोडून, शेंडे समुद्राकडे. सात खुंट आपापल्या खड्ड्यांत घट्ट बसले होते.

नवऱ्याचे काका लालबुंद होऊन बसमधून खाली आले. "हे काय आहे?"

शेवंतीने पदर खोचला आणि सरबताचा पेला पुढे केला. "काका, उतरलातच आहात, तर घसा ओला करा."

काकांनी आपल्या पायांकडे पाहिलं. ते खरंच उतरले होते. मागून पोरं उतरली, ओंडक्यांवर चढली. पोरांना धरायला बायका उतरल्या. नवरदेव मुंडावळ्या सावरत पहिल्या सुरूवरून उडी मारून गेला, तेव्हा काकांनी सरबत घेतलं. मुहूर्त टळला नाही.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या. मग दत्तारामांनी जावयाला ओटीवर गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "अहो, केलंत काय हे?"

लवूने मान खाली घातली. "चुकलं माझं, मामा. सगळं म्हणालात, पण सगळं नाही झालं. एक राहिलं."

"आता काय राहिलं?"

"वादळ," लवू म्हणाला. "गावभर विचारलं. कुणाकडेच नव्हतं."