राजाच्या पायाची करंगळी

एका राज्यात भर दरबारात राजाचे हातपाय दगडाचे झाले, आणि ते कशाने झाले हे सांगायची वेळ आली तेव्हा सगळ्या दरबाराने माना खाली घातल्या. घालायलाच हव्या होत्या.

झाले होते ते असे. राज्याच्या उत्तरेला काळ्या डोंगरावर धूम्रनाथ नावाचा जादूगार राहत असे. त्याची म्हातारी आई वारली. राजा वीरकेतूने चिटणीस रंगोपंतांना सांगितले, "दुखवट्याचं पत्र जाऊ द्या." रंगोपंतांच्या दफ्तरात पत्रे तयारच असत. जन्माचे एक, लग्नाचे एक, विजयाचे एक, दुखवट्याचे एक. नाव तेवढे बदलायचे. दुखवट्याचे पत्र मागच्या साली शेजारच्या राजाचा पट्टहत्ती मेला तेव्हा रचलेले होते. कारकुनाने नाव बदलले, राजाने न वाचता शिक्का उठवला, आणि पत्र काळ्या डोंगरावर गेले. त्यात लिहिले होते, 'आपल्या मातोश्रींच्या शुभ्र सुळ्यांची शोभा आमच्या स्मरणात सदैव राहील.'

धूम्रनाथ धुराच्या लोटातून दरबारात उतरला. त्याने आवाज चढवला नाही.

"ज्याला माझ्या आईसाठी चार ओळी स्वतः लिहवल्या नाहीत, त्याला हात कशाला हवेत? पाय तरी कशाला?" तो म्हणाला. त्याबरोबर राजाचे हात खांद्यापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत दगडाचे झाले. "हा दगड वर चढत जाईल. तुझ्या रक्ताच्या माणसाने आपल्या हाताने मला पत्र लिहावं. दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागता कामा नये. तीन पत्रं वाचीन. चौथं वाचणार नाही."

राजाच्या रक्ताचे माणूस एकच होते, पंधरा वर्षांची राजकन्या मृगावती. तिने त्याच दिवशी पत्र लिहिले. रंगोपंतांनी ते लांबूनच पाहिले आणि ते म्हणाले, "फारच सुंदर." राजवाड्यातल्या बोलक्या साळुंकीने पत्र चोचीत धरून डोंगरावर नेले आणि धूम्रनाथापुढे वाचायला घेतले. साळुंकी लिहिले असेल तसेच वाचत असे. त्या पत्रात पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकही विराम नव्हता. साळुंकीला श्वास घ्यायला जागाच मिळाली नाही. ती निम्म्यातच भोवळ येऊन पडली. उरलेले पत्र धूम्रनाथाने स्वतः वाचले.

"यात कोण मेलं आणि कुणाला वाईट वाटलं, ते मला कळलं नाही," तो म्हणाला.

दगड राजाच्या कमरेपर्यंत चढला. तेव्हा कुठे दरबाराला वामदेवशास्त्र्यांची आठवण झाली.

शास्त्री शहात्तर वर्षांचे होते. सहा भाषांची व्याकरणे त्यांना मुखोद्गत होती, तरी घराला कडी लावली की नाही हे पाहायला ते वाटेतून दोनदा परतत. पाच वर्षांपूर्वी, दहा वर्षांच्या मृगावतीच्या एका पानात त्यांनी चौदा चुका दाखवल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांचा सत्कार झाला. शाल दिली, श्रीफळ दिले, सोन्याची लेखणी दिली आणि घरी बसायची आज्ञा दिली. आपण पोरीला फार बोललो का, चौदाऐवजी चारच दाखवायला हव्या होत्या का, हा विचार त्यांना पाच वर्षे छळत होता.

आता ते दालनात आले आणि त्यांनी तिच्या वह्या मागितल्या. मग त्यांना जे कळले, त्याने त्यांचा सगळा संकोच जळून गेला. त्यांच्या मागे राज्यात नवा रिवाज पडला होता की, राजकन्येच्या लेखनात चूक नसते. ती लिही, रंगोपंतांचे दोन कारकून ते 'स्वच्छ' करून उतरवून घेत, आणि ती स्वच्छ प्रत दरबारात वाचली जाई. दरबार वाहवा करी. मूळ पान जाळून टाकत.

"पाच वर्षं," शास्त्री रंगोपंतांना म्हणाले. "पाच वर्षं तुम्ही या मुलीला तिचं एक पान परत दिलं नाहीत?"

"राजकन्येचं मन दुखवायचं नसतं, शास्त्रीबुवा."

"पायात काटा मोडला तर तो काढताना दुखतं, म्हणून तुम्ही चप्पल घालता वाटतं वरून?"

"काट्याचं काम आमच्याकडे नाही," रंगोपंत म्हणाले. "आमच्याकडे फक्त पत्रव्यवहार."

मृगावती खिडकीशी, सगळ्यांकडे पाठ करून बसली होती. ती म्हणाली, "गुरुजी, मला येत नाही. मी मठ्ठ आहे."

"कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. सगळे सुंदर म्हणायचे. पान उलटायच्या आधीच म्हणायचे. त्यावरूनच कळलं."

शास्त्र्यांनी आपला जाडजूड व्याकरणग्रंथ उघडला.

आठ दिवस त्यांनी तिला नियम शिकवले. नियम, नियमाला अपवाद, अपवादाला अपवाद. दगड रोज दोन बोटे चढत होता, आणि शास्त्री रोज दोन प्रकरणे चढत होते. मुलगी मान डोलवी. तिच्या डोळ्यांत काही उतरत नव्हते, हे त्यांना दिसत होते. पण दुसरे काय करावे ते त्यांना कळेना. नवव्या दिवशी तिने दुसरे पत्र लिहिले आणि ती जेवायला गेली.

शास्त्र्यांनी पत्र वाचले. विराम होते, बरेचसे जागच्या जागी होते. पण पाच चुका होत्या. पाचच. बाहेर राजा छातीपर्यंत दगड झाला होता. शास्त्र्यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. चाळीस वर्षे चूक दिसली की त्यांचा हात आपोआप पुढे जात असे. त्यांनी चाकूच्या टोकाने पाच जागा खरवडल्या आणि तिच्या वळणाने, अगदी तिच्याच वळणाने, नीट केल्या. मग त्यांना हायसे वाटले. हेच सांगायला लाज वाटते, पण त्यांना हायसे वाटले.

साळुंकी गेली आणि आली.

"काय म्हणाला?" मृगावतीने विचारले.

"वाचलंच नाही. नाकाशी धरलं," साळुंकी म्हणाली. "म्हणाला, याला दोन हातांचा वास येतो. एक तरुण, एक म्हातारा. म्हाताऱ्याच्या हाताला तपकिरीचाही येतो."

दगड राजाच्या गळ्यापर्यंत चढला.

शास्त्री उभे होते ते खाली बसले. खोटे बोलायचे त्यांच्या मनातही आले नाही. "बाळ, तो हात माझा," ते म्हणाले.

मृगावतीने हातातली लेखणी खाली ठेवली. मग बोलली ती अगदी हळू. "रंगोपंतांनी केलं तेव्हा मला राग आला नाही. त्यांनी मला कधी शिकवलंच नव्हतं. दहा वर्षांची होते तेव्हा तुम्ही चौदा चुका दाखवल्यात. मी रात्रभर रडले, आणि सकाळी वही घेऊन तुमची वाट बघत बसले. तुम्ही आला नाहीत. पाच वर्षांनी आलात, ते हे करायला?"

"मी घाबरलो."

"माझे बाबा दगड होतायत. मी नाही घाबरले?"

साळुंकी खांबावरून म्हणाली, "शास्त्रीबुवा, उजवा हात मांडीखाली घेऊन बसा. आम्हा पाखरांना पिल्लांच्या उड्या बघताना पंख मिटून बसावं लागतं. जीव जातो, पण बसावं लागतं."

शास्त्र्यांनी खरोखरच उजवा हात मांडीखाली घेतला. ग्रंथ मिटून बाजूला सारला. डाव्या हाताने त्यांनी कोनाड्यातल्या सारीपाटाच्या डब्यातून मूठभर चिंचोके काढले.

"लिही," ते म्हणाले. "आधी कच्चं लिही. चुकीची चिंता करू नकोस. त्याच्या आईची काही आठवण असेल तर ती लिही. नसेल तर नाही म्हणून लिही."

तिने लिहिले. शास्त्र्यांनी वाचले आणि ज्या ज्या ओळीत चूक होती तिच्या शेजारी एक एक चिंचोका ठेवला. कोणता शब्द, काय चूक, काही सांगितले नाही. तिने ओळ पुन्हा पाहावी, चूक सापडली तर स्वतः खोडावी, आणि चिंचोका उचलून डब्यात टाकावा. पहिल्या मसुद्याला तेवीस चिंचोके लागले. तिला सहा सापडले.

"सतरा राहिले," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला.

"सतरा नाहीत. नीट बघ. या नऊ ओळींत एकच चूक आहे, नऊ वेळा केलेली. तुझ्या चुका शंभर नाहीत गं. मी मोजल्या. सातच आहेत. त्याच फिरून फिरून येतात, ओळखीच्या पाहुण्यांसारख्या."

"सातच?"

"सातच. माझ्या वयाच्या पंडितांच्या याहून जास्त असतात. त्यांना कुणी चिंचोके ठेवत नाही, एवढंच."

तिने त्या सात चुका एका कागदावर लिहून भिंतीला लावल्या. मग साळुंकीला मसुदा वाचायला बसवले. जिथे पाखराला धाप लागे तिथे मृगावती विराम देई. जिथे पाखरू उगाच थबके तिथला काढून टाकी. "हा विराम इथे कशाला?" साळुंकी दटावी. "मला काय उचकी लागलीय?" दुसऱ्या मसुद्याला अकरा चिंचोके लागले, तिसऱ्याला चार. शास्त्र्यांचा मांडीखालचा हात बधिर झाला होता. तरी तो दर चुकीला मांडीखाली वळवळे.

दगड राजाच्या हनुवटीला लागला, तेव्हा तिने कोरा कागद घेतला. रंगोपंत दाराशी येऊन मसुदा वाचत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"हे जाता कामा नये," ते म्हणाले. "राजकन्येच्या डोक्यात उवा? दुखवट्याच्या पत्रात असं नसतं."

"तुमच्या पत्रात सुळे होते," शास्त्री म्हणाले. "बाजूला व्हा."

मृगावतीने लिहिले:

'मी सहा वर्षांची असताना तुमच्या डोंगरावर हरवले होते. तुमच्या आईने मला ओसरीवर बसवले. माझ्या डोक्यात उवा होत्या, आणि हे राजवाड्यात कुणी कधी बोलले नव्हते. त्या बोलल्या. त्यांनी फणी आणली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या काढल्या. मी रडले तेव्हा त्यांनी मला एक टपली मारली आणि गूळ दिला. मी राजकन्या आहे हे त्यांना माहीत होते. त्या गेल्याचे कळले तेव्हा मला आधी ती फणी आठवली. मला खूप वाईट वाटते. हे पत्र मी तीनदा कच्चे लिहिले. — मृगावती'

घाईत दोन शब्द खोडले होते आणि एका जागी शाई ओघळली होती. शास्त्र्यांनी वाचले. चौथ्या ओळीत एक चूक राहिली होती.

त्यांच्या मुठीत एक चिंचोका होता. पण ती चूक हुडकायला मृगावतीला वेळ लागला असता, आणि दगड राजाच्या खालच्या ओठापर्यंत आला होता. ही एक चूक राजाला मारील का? तीच चूक मी सुधारली तर मारील, एवढे मात्र नक्की. शास्त्र्यांनी डोळे मिटले. "जाऊ दे," ते म्हणाले.

साळुंकी उडाली. तिने पत्र वाचले, थांबायचे तिथे थांबत, एकदाही धाप न लागता. धूम्रनाथाने पत्र तिच्याकडून घेतले, नाकाशी धरले आणि स्वतः पुन्हा वाचले. मग खोडलेल्या शब्दांवरून अंगठा फिरवला.

"याला एकाच हाताचा वास येतो," तो म्हणाला. "टपली ती मलाही मारायची." त्याने पत्र घडी करून आईच्या फणीखाली ठेवले.

दरबारात राजाच्या तोंडावरून दगड उतरला, गळ्यावरून उतरला, छातीवरून, हातांवरून, गुडघ्यांवरून उतरला. राजाने पाऊल उचलले आणि तो लंगडला. डाव्या पायाची करंगळी दगडाचीच राहिली होती.

"ही का राहिली?" राजाने विचारले. सगळा दरबार शास्त्र्यांकडे पाहू लागला.

"मला माहीत आहे, महाराज," शास्त्री म्हणाले. "पण मी सांगणार नाही."

"आमची करंगळी आहे, शास्त्रीजी."

"चूक आपल्या मुलीची आहे. आपण सगळ्यांनी मिळून तिची पाच वर्षं चोरलीत, महाराज. ही एक चूक तरी तिची तिला राहू द्या." राजाशी आपण असे बोललो हे शास्त्र्यांच्या ध्यानात आले. पण शब्द त्यांनी मागे घेतला नाही.

राजाने आपल्या करंगळीकडे पाहिले. "आम्ही थांबू," तो म्हणाला.

शास्त्र्यांनी मृगावतीच्या शेवटच्या मसुद्याशेजारी, चौथ्या ओळीशी, मुठीतला चिंचोका ठेवला. ती पाहत बसली. भिंतीवरचा कागद पाहिला, पुन्हा ओळ पाहिली. राजा तीन दिवस लंगडत फिरला. चौथ्या दिवशी सकाळी ती न्याहरी टाकून उठली. दुसरे पत्र धूम्रनाथाने वाचलेच नव्हते, म्हणून एक पत्र अजून उरले होते. तिने चिठ्ठी लिहिली: 'माझ्या पत्रात चौथ्या ओळीत माझी चूक झाली. ती मला आज सापडली.' खाली तिने ती ओळ नीट लिहिली. साळुंकी काळ्या डोंगरावर पोचली असेल-नसेल तोच राजा सिंहासनावरून ओरडला, कारण करंगळीला मुंग्या आल्या होत्या.

त्या दिवशी रंगोपंतांच्या दफ्तरातली तयार पत्रे तळघरात गेली. त्यानंतर त्या राज्यात कुणी गेले की पत्र ज्याचे त्याने लिहायचे ठरले, मग ते कितीही वेडेवाकडे होवो. पहिली पाळी रंगोपंतांवरच आली. शेजारच्या राजाचा दुसरा हत्ती मेला. ते दोन दिवस कोऱ्या कागदापुढे बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक ओळ लिहिली, तेव्हा मृगावती आली, त्यांच्यासमोर बसली, उजवा हात तिने मांडीखाली घेतला, आणि डाव्या हाताने त्यांच्या पहिल्या ओळीशेजारी एक चिंचोका ठेवला.

राजाचे पाय चालते झाले, पाखराला श्वास मिळाला, आणि म्हाताऱ्याच्या हाताला विसावा. जसे त्यांचे शब्द त्यांना परत मिळाले, तसे ज्याचे त्याला मिळोत.